स्वॅब एक, पेशी दोघांच्या: शुक्राणू वेगळे करताना या चुका टाळा

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणातल्या स्वॅबवर पीडितेच्या पेशींचा ढीग असतो आणि त्यात कुठेतरी थोडे शुक्राणू. १९८५ साली गिल, जेफ्रीज आणि वेरेट या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी मांडलेली युक्ती आजही चालते. शुक्राणूच्या डोक्यातला डीएनए प्रोटामाइन या प्रथिनांत डायसल्फाइड बंधांनी गच्च बांधलेला असतो. एसडीएस (साबणासारखं रसायन) आणि प्रोटिनेज के (प्रथिनं तोडणारं विकर) यांना तो दाद देत नाही. म्हणून आधी बाकीच्या पेशी फोडायच्या, वरचा द्राव काढून ठेवायचा (हा पहिला भाग), तळाचे शुक्राणू धुवायचे आणि मगच डीटीटी, म्हणजे ते डायसल्फाइड बंध तोडणारं रसायन, घालून ते उघडायचे (हा दुसरा भाग). वाचायला सोपं आहे, आणि म्हणूनच नवी मंडळी घाई करतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे डीटीटी पहिल्याच टप्प्यात जाणं. एका नव्या सहकाऱ्याने दरवेळी पेशी फोडायचा द्राव, म्हणजे बफर, बनवायचा कंटाळा म्हणून आठवड्याचा बफर एकदम करून ठेवला, तोही डीटीटी घालून. बाटलीवर नुसतं ‘लायसिस बफर’. मी ती उचलली. गंधकाचा उग्र वास आला होता, पण बाजूला दुसरं काम चालू होतं, तिकडूनच येत असेल असं समजून चालले. ५६ अंशांवर दोन तास ठेवून ट्यूब फिरवली आणि तळाचा थेंब स्लाइडवर घेतला. सकाळी क्रिसमस ट्री स्टेन या रंगद्रव्यात शुक्राणूंची लाल डोकी स्पष्ट दिसली होती, आता एकही नाही. सगळं वरच्या द्रावात विरघळलेलं! विरघळलेला डीएनए कोणाचा कुठला, हे सेंट्रिफ्यूज सांगत नाही. दोघांचं मिश्र डीएनए प्रोफाइल आलं आणि त्यात पीडितेचाच आवाज मोठा. अर्धा स्वॅब राखून ठेवला होता म्हणून निभावलं. चूक त्याची जितकी, तितकीच माझी.

तेव्हापासून माझं डीटीटी लाल टोपणाच्या छोट्या ट्यूबमध्ये, गोठवलेलं. एक ट्यूब एकदाच वितळवायची, उरलेलं फेकायचं, कारण शिळं डीटीटी हवेने ऑक्सिडाइझ होतं आणि मग दुसऱ्या टप्प्यात शुक्राणू उघडतच नाहीत. पहिला टप्पा संपेपर्यंत ती ट्यूब फ्रीझरबाहेर येत नाही. आणि संपूर्ण स्वॅब एकदम वापरायचा नाही, हे सांगायला नकोच.

दुसरं माझं दुखणं म्हणजे धुणं. ‘पेलेट दिसत नाही’ ही तक्रार मी रोज ऐकते. पेलेट म्हणजे तळाशी बसलेला शुक्राणूंचा थर, तो बहुतेक वेळा दिसणारच नाही. ट्यूबचं बिजागर बाहेरच्या बाजूला ठेवून फिरवा, म्हणजे पेलेट कुठे बसला ते न बघता कळतं. द्राव समोरच्या भिंतीवरून ओढा आणि तळाशी साधारण ५० मायक्रोलिटर सोडा. शेवटच्या थेंबाचा मोह धरणाऱ्याने शुक्राणू गमावलेच. त्या ५० वर ५०० मायक्रोलिटर धुण्याचा बफर घातला की उरलेला पीडितेचा डीएनए अकरा पट विरळ होतो, तिसऱ्या धुण्यानंतर तेराशे पटींहून जास्त. एका धुण्यावर भागवणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा करावा. पीडितेच्या एका पेशीत सुमारे ६ पिकोग्रॅम डीएनए असतो, शुक्राणूत ३. तिची एक न फुटलेली पेशी दोन शुक्राणूंना झाकते, आणि अशी पेशी कितीही धुतली तरी विरळ होत नाही. म्हणून धुण्याआधी स्लाइड बघा. पेशी शाबूत दिसल्या तर पहिला टप्पा पुन्हा करा. उरलेला डीएनए खाऊन टाकायला डीनेज वापरणारेही आहेत. काम पटकन होतं खरं, पण स्वॅब जुना असेल तर कमकुवत शुक्राणूंचा डीएनएही त्यात जातो. माझा हात धुण्यावरच बसलेला आहे.

बाकीचं थोडक्यात. ओला स्वॅब प्लॅस्टिकमध्ये बंद करू नका. जिवाणू वाढतात, शुक्राणू आधीच फुटतात आणि त्यांचा डीएनए पहिल्या भागात जातो. दोन्ही भागांचे ब्लँक (नमुना न घातलेल्या ट्यूब) वेगळे चालवा. संशयिताचा संदर्भ नमुना त्याच दिवशी त्याच टेबलावर आणू नका.

आणि स्लाइडवर शुक्राणू दिसले नाहीत म्हणून पहिला भाग टाकून देऊ नका. नसबंदी झालेल्या पुरुषाच्या वीर्यात शुक्राणू नसतात, पण त्याच्या इतर पेशी असतात, आणि त्या पहिल्याच भागात फुटतात. त्यातला पुरुषी डीएनए मोजा, आणि सापडला तर वाय-एसटीआर (फक्त पुरुषांतल्या वाय गुणसूत्राची चाचणी) लावा.