कुळागरात, अंगणात, सड्यावर: गोव्यात उघड्यावर लग्न कसं करायचं

सध्या जो उठतो त्याला रस्टिक लग्न पाहिजे, ते पण ओपन एअर, ते पण गोव्यात, आणि मग डेकोरेटर ट्रक भरून गोणपाटाचे पडदे, रंगवलेली लाकडी पिंपं, काचेच्या बरण्या आणि कागदाची फुलं घेऊन येतो आणि एका सपाट लॉनवर मांडतो. अरे बाबा, ज्या घराच्या मागे सुपारीच्या पोफळी उभ्या आहेत, पुढे शेणाने सारवलेलं अंगण आहे, मधोमध तुळशीवृंदावन आहे, तिथे गावठी लुक विकत कशाला आणायचा, तो आहेच. आमच्या नात्यागोत्यात आणि शेजारपाजारी अशी बरीच लग्नं झाली, त्यात जी छान झाली त्यांच्यात एक गोष्ट सारखी होती, पैसा दिसणाऱ्या गोष्टींवर कमी गेला आणि न दिसणाऱ्या गोष्टींवर जास्त. म्हणजे जमीन, वेळ, उजेड, रस्ता, संडास.

आधी जागा. फोंडा तालुक्यात सावईवेरे, केरी, प्रियोळ या बाजूला कुळागरं, म्हणजे पोफळी-माडांच्या बागा, भरपूर, स्वतःचं नसेल तर मामाचं असतं, मामाचं नसेल तर मसाल्याच्या बागा आहेत ज्या पर्यटकांसाठी उघड्या असतात, त्यातल्या काही कार्यक्रमाला जागा देतात, विचारून बघा. आमच्या भाचीचं लग्न कुळागरातच झालं. फोटो बघून सगळे विचारतात कुठला डेकोरेटर, आणि खरं सांगायचं तर डेकोरेशन असं काही नव्हतंच, पोफळीची खोडं होती, त्यांच्यावर चढलेले मिरीचे वेल होते, मधून वाहणारा पाट होता. पण त्याच्या मागची तयारी ऐका.

कुळागराला रोज पाणी लागतं त्यामुळे जमीन कायम ओली. लग्नाच्या आधी काही दिवस त्या तुकड्याचं शिंपणं बंद ठेवायचं, पोफळींना थोडा ताण चालतो, पण किती दिवस ते बागकाम बघणाऱ्याला विचारून ठरवा. तरी खुर्चीचे पाय रुततातच, म्हणून खुर्च्यांच्या खाली फळ्या, आणि येण्याजाण्याच्या वाटेवर रेती किंवा बारीक खडी, नाहीतर वरमाई नऊवारी सांभाळत शेवाळावरून घसरली तर मग लग्न बाजूला राहतं. चिऱ्यांच्या पायऱ्यांवर शेवाळ असतंच, ते तारेच्या ब्रशने आधी घासून घ्यायचं. वर बघायला विसरू नका. सुकलेली चुडतां म्हणजे झावळ्या, पिकलेले नारळ, लोंबणाऱ्या पोफळीच्या विरी (पानांचे रुंद देठ), हे सगळं नारळ पाडणाऱ्या पाडेल्याला बोलावून आधी उतरवून घ्या, माणसं बसणार तिथल्या प्रत्येक माडाचं. यात अजिबात कंजुषी नको, नारळ डोक्यात पडायला मुहूर्त लागत नाही.

दुसरी जागा म्हणजे घराचं अंगण. जुन्या घरात राजांगण, म्हणजे घराच्या मधलं उघडं अंगण, असेल तर उत्तमच, पण ते लहान असतं, पन्नास-साठ माणसं फार तर, म्हणून विधी राजांगणात आणि जेवण बाहेरच्या माटवात म्हणजे मांडवात अशी विभागणी करायची. अंगण सारवून रांगोळी घालायची असेल तर सारवण आदल्या दिवशी सकाळीच आटपा म्हणजे वाळायला वेळ मिळतो.

तिसरी जागा सडा, म्हणजे उघडं पठार. पेडणे, बार्देश, काणकोणकडे असे मोकळे जांभ्या दगडाचे सडे आहेत, वरून समुद्र दिसतो, संध्याकाळी आभाळ असं रंगतं की बघत राहावं. पण जांभ्यात खुंटी जात नाही हो! माटववाला आला आणि मग त्याला हे कळलं असं नको, डांब म्हणजे खांब उभे करायला सिमेंट भरलेले डबे किंवा रेतीची पोती लागतात हे आधीच बोला. वारा सुसाट असतो, तिथे उंच कापडी मंडप नकोच. आणि फेब्रुवारीनंतर गवत सुकून काडी झालेलं असतं, तिथे फटाके, आकाशात सोडायचे ते आगीचे कंदील, सगळं बंद. होमकुंडाच्या भोवतीचं गवत पण खरवडून काढा आणि पाण्याच्या दोन बादल्या जवळ असू द्या.

बीच? मी फार सांगत नाही, कारण माझं मत असं की वाळूत होम, अंतरपाट आणि म्हाताऱ्या माणसांची व्हीलचेअर या तिन्ही गोष्टी एकत्र जमत नाहीत. करायचंच असेल तर सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारा नियमन क्षेत्रात, तात्पुरता मंडप उभारायला सुद्धा परवानगी लागते, पर्यटन खातं आणि किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण दोन्हीकडे आधीच चौकशी करा, भरतीची वेळ बघा, आणि मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग हे किनारे सोडून द्या, तिथे कासवं अंडी घालायला येतात आणि तो हंगाम नेमका आपल्या लग्नसराईतच पडतो. उजेड आणि आवाज दोन्ही त्यांना नको असतात.

आता वेळ, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. आपल्याकडे दुपारचा मुहूर्त काढायची सवय, बारा वाजता माथ्यावर ऊन, नवरी घामाघूम, फोटोत सगळ्यांच्या डोळ्यांखाली काळ्या सावल्या. उघड्यावर लग्न करायचं तर भटजींशी पहिल्याच बैठकीत बोला की गोरज मुहूर्त बघा, नाहीतर सकाळचा लवकरचा. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू होतो, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी, पाऊस बहुतेक नाही, यातला फेब्रुवारी मला सगळ्यात आवडतो. डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, मेमध्ये जवळजवळ सात होतात, तर पत्रिका छापायच्या आधी त्या तारखेचा सूर्यास्त बघून घ्या. पण कुळागरात एक गंमत आहे, वरती पोफळी-माडांची दाटी असल्यामुळे सूर्य मावळायच्या तासभर आधीच आत अंधारून येतं. फोटोवाला बाहेरचा असेल तर त्याला हे माहीत नसतं, तो सूर्यास्ताच्या हिशेबाने येतो आणि मग फ्लॅश मारत बसतो. जोडीचे फोटो चार-साडेचारला उरकून घ्या, तेव्हा ऊन तिरपं होऊन खोडांच्या मधून येतं, त्याच्यासारखा रोमँटिक लाइट कुठलाच डेकोरेटर देत नाही.

वाऱ्याचं पण बघा. दुपारी आणि संध्याकाळी वारा समुद्राकडून म्हणजे पश्चिमेकडून येतो, मग होमाचा धूर पूर्वेला जाणार, त्या बाजूला पाहुणे बसवू नका. रांधप्यांच्या म्हणजे आचाऱ्यांच्या चुली पण तशाच वाऱ्याच्या अंदाजाने, जनरेटर पण. अंतरपाट हलकं कापड असेल तर तो उडतो आणि मंगलाष्टकांच्या मध्येच नवरा-नवरी एकमेकांना बघून मोकळे होतात, म्हणून जरा जाड घ्या. आणि थंडीत, खास करून आतल्या गावांत, रात्री दंव पडतं, खुर्च्या ओल्या होतात, स्पीकर आणि मिक्सर ओला होतो, त्याच्यावर छप्पर हवंच.

आता सजावट, जिच्यापासून सगळे सुरुवात करतात आणि जी खरं तर शेवटी यायला पाहिजे. माटवाला माडाची चुडतां विणून, दाराला केळीचे खांब, आंब्याची पानं, पोफळीचा फुलोरा. तो पिवळसर फुलोरा समईच्या उजेडात इतका सुंदर दिसतो की बाकी काही लागत नाही. फुलांत अबोली, कारण अबोली पाण्याशिवाय पण दुसऱ्या दिवसापर्यंत टिकते, गुलाब चार तासांत मान टाकतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये लग्न असेल तर सुरंगीचे वळेसर म्हणजे गजरे घ्या, सुकल्यावर पण वास जात नाही, पाहुण्यांच्या हातात निघताना एक एक दिला तर त्या महागड्या रिटर्न गिफ्टांची गरज नाही. फुलं देवळाच्या दारातल्या बायकांना किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आधी सांगून ठेवा, आदल्या दिवशी जाऊन एवढ्या फाती म्हणजे माळा मिळत नाहीत.

मागच्या पडद्याला काय करायचं असा प्रश्न असेल तर कावी बघा. आपल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर चुन्यात लाल कावेने काढलेली नक्षी असते ना, ती पांढऱ्या सुती कापडावर गेरूने रंगवून घ्यायची, तीच नक्षी पत्रिकेवर, लाल-पांढरं एवढंच, झालं. वाट दाखवायच्या पाट्या जुन्या सुपांवर लिहा आणि त्या खरंच लावा, कुळागरात मोबाईलला रेंज नसते, मॅप लोकांना भलत्याच ओहोळाकाठी नेऊन सोडतो. एक मात्र पटत नाही, कुणबी साडी टेबलांवर अंथरायची जी फॅशन निघालीय ती. साडी आहे ती, अंगावर नेसा, त्याच्यावर सोलकढी कशाला सांडायची. थर्माकोलची कमान कोणी सुचवली तर 1 जुलै 2022 पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आहे म्हणून सांगा, विषय संपला.

उजेड पिवळा ठेवा, पांढऱ्या ट्यूबलाइटने सगळं कुळागर पेट्रोल पंप वाटायला लागतं, शिवाय पांढऱ्या लाइटवर किडे जास्त येतात. बल्बच्या माळा खोडाखोडांतून बांधा, खिळे मारू नका, सुंभाने बांधा. एक मोठा पांढरा दिवा किडे ओढायला मुद्दाम लांब लावा, जेवणाच्या विरुद्ध बाजूला. दिवाळीनंतर बांबूचे आकाशकंदील स्वस्त मिळतात, ते घेऊन ठेवा. कुळागरातलं वीज कनेक्शन पंपापुरतं असतं, त्यावर साऊंड, लाइट आणि कॉफीचं मशीन लावायला जाऊ नका, जनरेटर घ्या आणि लायसनवाल्या वायरमनकडूनच जोडून घ्या कारण जमीन ओली आहे.

साऊंडबद्दल सरळ सांगते, 2000 सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही, वाद्यं पण त्यात येतात, आणि शेजारी फोन करतात बरं का. लाऊडस्पीकरची परवानगी आधी काढा. डीजेपेक्षा घुमट (मडक्यावर चामडं ताणलेलं वाद्य), शामेळ (ढोल) आणि कासाळें (झांजा) वाजवणाऱ्यांना बोलवा, 2019 मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलंय, आणि आता त्याच्यावर घोरपडीचं नाही तर बकऱ्याचं चामडं असतं. सनई आणि घुमट दोन्ही एका लग्नात ऐकले, स्पीकरची गरजच पडली नाही.

जेवण पंगतीचं. बुफेची ताटं अंधारात, उतारावर, हातात घेऊन उभं राहणं म्हणजे शिक्षा. केळीचं पान, खतखतें (मिश्र भाजी), मुगागाठी (मुगाची उसळ), वरणभात, सोलकढी, शेवटी मणगणें (चणाडाळीची खीर), दीडशे माणसं असतील तर दोन पंगती. मार्च-एप्रिलमध्ये वेलकम ड्रिंक म्हणून काजूचा ताजा निरो, म्हणजे बोंडांचा रस, द्या, मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांनी तो कधी प्यायलेला नसतो, फक्त त्याच दिवशी सकाळी आणून थंड ठेवा आणि लवकर संपवा, संध्याकाळपर्यंत तो आंबतो. दारू ठेवणार असाल तर अबकारी खात्याचा परवाना लागतो.

रस्ता आणि संडास. गावातला रस्ता अरुंद, मोठी बस आत येणार नाही, गाड्या शाळेच्या किंवा देवस्थानच्या मैदानावर लावायची परवानगी घ्या आणि तिथून मिनीबस फिरवत ठेवा. घरातला एक संडास दीडशे माणसांना पुरत नाही, फिरते संडास भाड्याने मिळतात, मांडवापासून थोडे लांब पण उजेडाच्या वाटेवर ठेवा, पाण्याचा टँकर धरा.

लग्नाचा हा भाग नाही पण सगळे शेवटच्या क्षणी धावतात म्हणून सांगते. गोव्यात 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता अजून लागू आहे, सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोन सह्या होतात, पहिली इराद्याची, मग हरकतीची मुदत, मग दुसरी, आणि दुसरी सही झाली की कायद्याने लग्न. वेगळा करार केला नसेल तर संपत्ती दोघांची सामाईक होते, आणि तो करार लग्नाआधीच करावा लागतो. मंडप बुक करायच्या आधी या तारखा लावून घ्या.

एप्रिल-मेमध्ये वळीव कधीही येतो, ऑक्टोबरमध्ये पण भरवसा नाही. ताडपत्री आणलीय एवढं पुरत नाही, ती कोण बांधणार, किती मिनिटांत, आणि होमकुंड कुठे हलवणार हे माटववाल्याशी ठरवून ठेवा, घराच्या सोप्यावर विधी करायची सोय असेल तर ती मोकळी ठेवा, तिथे आहेराचे बॉक्स रचू नका. दुसऱ्या दिवशी पंपाने पाणी सोडायच्या आधी सगळ्या वायरी काढून घ्या. चुडतां आणि केळीचे खांब माडांच्या मुळात जातात, पानं गुरांना, फुलं खताच्या खड्ड्यात, पण त्याआधी नायलॉनच्या दोऱ्या, टाचण्या आणि स्टेपलरच्या पिना एकूण एक वेचून काढा, नाहीतर त्या गुरांच्या पोटात जातात.