मालकाला बसता येत नाही तोवर घोडा सांभाळायचं काम घेताय? नागपुरातल्या नव्या पोट्ट्या-पोट्टींसाठी

रायडिंग बऱ्यापैकी जमायला लागलं की पहिलं पैशाचं काम बहुतेक असंच येतं. कोणाचं कॉलरबोन मोडलेलं असतं, कोणाच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं असतं, कोणी पोटुशी असते, आणि इकडे घोडा तबेल्यात उभा राहून राहून लाथा मारून राहिलेला असतो. मग फोन येतो, "सकाळी येत जा ना जरा, पळवून आणत जा त्याला." काटोल रोडकडच्या फार्मवर अशीच कामं करत करत मी या लाईनमध्ये आले, म्हणून नवीन येणाऱ्यांना जे कोणी धड सांगत नाही ते लिहून ठेवते.

सगळा घोळ त्या "पळवून आण" मध्ये आहे. तुमचं काम घोडा टकाटक फिट करायचं नाहीये. मालक दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मांड टाकेल तेव्हा त्याला झेपेल असा घोडा त्याच्या हातात द्यायचा, हे काम आहे. तुम्ही विशीतले, रोज कँटर (मध्यम वेगाची धाव) मारणार, चंदी (दाण्याचा खुराक) फुल चालू, घोडा मस्तीत, आणि बसणारा माणूस पन्नाशीचा, खांद्यात प्लेट टाकलेली, एक हात अजून वर जात नाही. काय होईल सांगायची गरज नाही. पुढचं सगळं प्लॅनिंग याच हिशोबाने करायचं.

म्हणून पहिला प्रश्न घोड्याबद्दल नाही, मालकाबद्दल विचारायचा: डॉक्टरने किती दिवस सांगितले? कॉलरबोनला साधारण 6 ते 8 आठवडे जातात, पाय किंवा कंबर असेल तर तीन महिने सहज, कधी जास्तच. दोन-तीन आठवड्यांचाच प्रश्न असेल तर टेन्शनच घेऊ नका, तेवढ्यात घोड्याचा दम फारसा कमी होत नाही, मोकळं सोडा, हातात धरून फिरवा, झालं. लांबचं प्रकरण असेल आणि बसणारं दुसरं कोणीच नसेल तर सरळ सुट्टी देणं हाही ऑप्शन आहे, हळूहळू काम कमी करायचं, नाल काढून टाकायची, दिवसभर मोकळा ठेवायचा. मालकांना हे पटत नाही, त्यांना वाटतं घोडा वाया गेला, पण रोज अर्धवट काम आणि बाकी वेळ दोरीला बांधून ठेवण्यापेक्षा हे बरंच.

दुसरी गोष्ट खुराक. काम कमी होणार हे ठरलं त्याच दिवशी चंदी कमी. आठवड्याने नाही, त्याच दिवशी. हरभरा, जव, ओट्स जे काय चालू असेल ते अर्धं किंवा त्याहून कमी करायचं आणि पोट गवताने भरायचं. वजनाच्या निदान दीड टक्का सुका चारा पोटात जायला पाहिजे, म्हणजे 400 किलोच्या घोड्याला 6 किलो तरी, आणि सारखं काहीतरी चघळायला असलं की तो लाकूड कुरतडणं, डोलत राहणं हे पण कमी करतो. दाणा तसाच ठेवून आराम दिला आणि मग एकदम काम करवलं तर मागचे पुठ्ठे दगडासारखे कडक होतात, घाम सुटतो, पाऊल टाकवत नाही, लघवी कॉफीच्या रंगाची होते. इंग्रजांकडे याला सोमवारचा आजार म्हणायचे, कारण गाडीचे घोडे रविवारी फुल दाण्यावर आराम करायचे आणि सोमवारी जुंपले की अडकायचे. असं दिसलं तर "चालवून मोकळा कर" असं कोणी म्हणालं तरी चालवायचं नाही, आहे तिथेच उभा ठेवायचा आणि घोड्याच्या डॉक्टरला फोन लावायचा.

तबेल्यातल्या काकांशी यावर वाद होणार, हे धरून चाला. त्यांच्या लेखी दाणा कमी करणं म्हणजे जनावराला उपाशी मारणं. त्यांच्याशी भांडू नका, घोडा त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ओळखतो, खरारा करताना पायाला गरम लागलं, लीद कमी टाकली, हे आधी त्यांनाच कळतं. मालकाकडूनच फोनवर त्यांना सांगून घ्या, तुमच्या तोंडून नको. तोबरा (तोंडाला बांधायची खुराकाची पिशवी) नेहमीच्या वेळेलाच द्यायचा, फक्त आत पूर्ण दाण्याऐवजी मूठभर दाणा आणि बाकी कोंडा-कुट्टी, म्हणजे घोडाही गप आणि काकाही गप.

आता व्यायाम. सगळ्यात कमी ग्लॅमरचा आणि सगळ्यात कामाचा व्यायाम म्हणजे हातात धरून चालवणं, रोज अर्धा-पाऊण तास. रस्त्यावरही चालतं, कडक जमिनीवर नुसतं चालणं पायांना चांगलंच असतं, फक्त आपले हे सिमेंट रोड नाल असलेल्या घोड्याला घसरडे, ओले असले तर अजिबातच नको. चालवताना हेल्मेट घाला, हो, खाली चालतानाही, आणि बसायच्या वेळी घालतो तोच लगाम त्याच्या तोंडात ठेवा, नुसत्या दाव्यावर नको.

लंजिंग म्हणजे लांब दोरीवर गोल फिरवणं, हे सगळ्यांना सोपं वाटतं म्हणून सगळ्यात जास्त चुकीचं हेच होतं. गोल निदान 15 ते 20 मीटर व्यासाचा पाहिजे, लहान गोलात सांध्यांवर वाकडा ताण येतो. दोन्ही बाजूंना सारखं, मधेमधे चाल बदलत, चाल, दुडकी, परत चाल, सगळं मिळून 20 मिनिटं, आठवड्यातून तीन-चारदा बास. तासभर गरगर फिरवून "थकवून टाकला" म्हणणारे लोक भेटतील, तो थकत नाही, तो फक्त रोज थोडा जास्त दमदार होत जातो आणि पुढच्या आठवड्यात तुम्हाला दीड तास लागतो. दोरी हाताला गुंडाळायची नाही, घड्या करून हातात धरायची, आणि ग्लोव्हज घालायचे. यात सूट नाही.

आणि जमीन बघा बापा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात नाल ओढून घेते. पहिल्या पावसानंतर शेतात लंजिंग करायला जाणारे लोक मी बघितले आहेत, घोडा वळणावर सरकला की मागच्या पायाची शीर गेलीच म्हणून समजा. मुरूम किंवा वाळू टाकलेला तुकडा नसेल तर चिखलाच्या दिवसांत नुसतं चालवा.

दोन लांब दोऱ्या घेऊन मागून चालत हाकणं, म्हणजे लाँग रेनिंग, मला लंजिंगपेक्षा कितीतरी आवडतं. घोडा सरळ चालतो, वळतो, थांबतो, लगामाचं ऐकायची सवय टिकते, आणि पाठीवर वजन नाही. पण हे आधी कोणाकडून तरी हातात दोरी घेऊन शिका, व्हिडिओ बघून नका करू, मागून लाथ बसायच्या अंतरात तुम्ही असता. बसून काम आठवड्यातून दोन-तीन दिवस, तेही मालक जसं बसतो तसंच. मालक फक्त वॉक-ट्रॉट (चाल आणि दुडकी) करणारा असेल तर तुम्ही त्याला उड्या शिकवायच्या नाहीत, कितीही खाज आली तरी.

हवामानाचं गणित नागपुरात वेगळंच आहे. बाहेरच्या लोकांना वाटतं मे महिना वाईट. दुपार वाईटच, 45 च्या वर पारा असताना घोड्याला सावलीतून बाहेरच काढायचं नाही, पण पहाटे पाचला हवा कोरडी असते आणि घाम उडून जातो. रायडर लोक एक ढोबळ हिशोब करतात, फॅरनहाइटमधलं तापमान आणि हवेतली टक्क्यांमधली आर्द्रता यांची बेरीज. 130 च्या आत असेल तर बिनधास्त, 150 च्या वर जपून, 180 च्या पुढे काम बंद. मे महिन्यातल्या पहाटे 84 अधिक 35 धरले तर 119. ऑगस्टमधली "मस्त थंड" सकाळ, 81 अधिक 90, झाले 171! म्हणजे पावसाळ्यात घोडा जास्त लवकर तापतो आणि आपल्याला कळतही नाही. (हा हिशोब ऊन धरत नाही, त्यामुळे दुपारची बेरीज कमी आली म्हणून बाहेर काढू नका.)

तापलाच तर गार पाणी ओता, सारखं ओतत राहा. गरम घोड्यावर गार पाणी टाकलं की तो आखडतो असं तबेल्यात अजूनही सांगतात, पण 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या आधी उकाड्यातल्या घोड्यांवर यावर बराच अभ्यास झाला आणि गार पाण्याने फायदाच होतो हे दिसलं. प्यायलाही द्या. आरामातल्या घोड्याचे ठोके मिनिटाला 28 ते 44 असतात, श्वास 8 ते 16, ताप 38.5 सेल्सियसच्या आत. हे आकडे तुमच्या घोड्याचे, शांत असतानाचे, पहिल्याच आठवड्यात वहीत लिहा. काम संपल्यावर दहा-पंधरा मिनिटांत ठोके 60 च्या खाली आले नाहीत तर उद्याचं काम कमी.

पोटाकडे वळून बघणं, जमीन उकरणं, लीद बंद, सारखं लोळणं हे कॉलिक, म्हणजे पोटशूळ, त्यात वाट बघत थांबायचं नाही, लगेच घोड्याच्या डॉक्टरला फोन. काम कमी झालेला आणि पाणी कमी पिणारा घोडा याला आधी बळी पडतो. नागपुरात व्हेटर्नरी कॉलेज सेमिनरी हिल्सला आहे ही सोय समजा, पण रात्री अडीचला कोणाला फोन करायचा ते आधीच मालकाला विचारून ठेवा.

पैशाचं बोलायला लाजू नका. किती दिवस, रोज किती वेळ, नालबंदाचे (दर 4 ते 6 आठवड्यांनी येतोच) आणि डॉक्टरचे पैसे कोण देणार, तुम्ही पडलात तर काय, आणि मालकाशी बोलणं झालं नाही तर घोड्याच्या ऑपरेशनचा निर्णय कोण घेणार, हे व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्या. सीझनमध्ये वरातीला घोडा "एका रात्रीपुरता" मागायला लोक येतात, त्याचंही उत्तर मालकाकडून आधीच लिहून घ्या, कारण डीजेसमोर नेलेला घोडा पुढचे आठ दिवस तुम्हालाच सांभाळायचा असतो.

शेवटचा भाग परत देण्याचा. मालक येतो म्हणाला की आदल्या आठवड्यात तुम्ही रोज बसा, तेही निवांत. त्या दिवशी आधी थोडं लंजिंग, मग बंद जागेत, मालकाला उंच स्टुलावरून चढवायचं, दोरी तुमच्या हातात आणि फक्त चाल, वीस मिनिटं. मालक म्हणणार, "अरे सोड ना, माझाच घोडा आहे." सोडू नका. आणि काका त्याच संध्याकाळी खुशीत तोबरा भरायला जातील, त्यांना सांगा, चंदी मालकाचं काम वाढल्यावरच वाढणार.