अ‍ॅडॅप्टर बदलायचाय? पिन बसते का, हे सगळ्यात शेवटी बघा

राउटरचा अ‍ॅडॅप्टर गेला की आपण ड्रॉवर उपसतो आणि ज्याची पिन बसेल तो लावून मोकळे होतो. मीही एकदा सेट-टॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर ५ व्होल्टच्या नेटवर्क स्विचला (एका केबलवरून अनेक यंत्रांना नेटवर्क देणाऱ्या डबीला) लावला. पिन चपखल बसली, दिवे लागले आणि दोन मिनिटांत करपट वास आला. स्विच गेला तो गेलाच.

आधी यंत्राच्या पाठीवरचं लेबल वाचा. तिथे '१२ व्होल्ट, १ अँपिअर' असं काहीतरी असतं. शेजारी सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असेल तर डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज), नागमोडी रेघ असेल तर एसी (दिशा बदलत राहणारी, भिंतीतल्या सॉकेटसारखी). मग अ‍ॅडॅप्टरवरची 'आउटपुट'ची ओळ बघा. 'इनपुट १००–२४०' हा आकडा भिंतीतल्या विजेचा, तो सोडून द्या.

व्होल्ट जुळलेच पाहिजेत, त्यात तडजोड नाही. अँपिअर मात्र लेबलाएवढे किंवा जास्त चालतात. पातेलं मोठं आहे म्हणून पंगतीतला माणूस जास्त जेवत नाही. १ अँपिअरच्या राउटरला २ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर लावला तरी राउटर लागेल तेवढाच करंट घेतो. उलटं केलंत, म्हणजे अर्ध्या अँपिअरचा लावलात, तर अ‍ॅडॅप्टर तापतो, व्होल्टेज खाली बसतं आणि राउटर सारखा रीस्टार्ट होतो. आपण उगाच इंटरनेटवाल्याला फोन करत बसतो. अ‍ॅडॅप्टरवर १५०० मिलिअँपिअर लिहिलं असेल तर ते दीड अँपिअर.

आता प्लस-मायनस. लेबलावर गोलाचं छोटं चित्र असतं, त्यात मधल्या ठिपक्याला कुठलं चिन्ह जोडलंय ते बघा. राउटरमध्ये बहुधा आत प्लस असतो, गिटारच्या इफेक्ट पेडलमध्ये बहुतेक वेळा आत मायनस. शंका असेल तर मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) २० डीसी व्होल्टवर ठेवा, लाल टोक पिनच्या भोकात, काळं बाहेरच्या कडेला. दोन्ही टोकं एकमेकांना चिकटू देऊ नका. आकडा १२ च्या आसपास आला तर आत प्लस, उणे आला तर उलटं. जुन्या, वजनदार ट्रान्सफॉर्मरवाल्या अ‍ॅडॅप्टरवर १२ लिहिलेलं असून मीटरवर १६ दिसू शकतात. तो राउटरला न लावलेला बरा.

पिनचा बाहेरचा व्यास बरेचदा ५.५ मिलिमीटर असतो, पण आतलं भोक २.१ किंवा २.५. मोठ्या भोकाची पिन बारीक खुंटीवर सैल बसते आणि मधूनच संपर्क सुटतो.

टाइप-सीच्या पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे यंत्राशी बोलून व्होल्ट ठरवणाऱ्या) चार्जरला यातलं काही लागू नाही. तो ५ व्होल्टवर सुरू होतो आणि फोनने मागितलं तरच वर जातो, म्हणून लॅपटॉपचा ६५ वॅटचा चार्जर फोनला खुशाल लावा.

नवा अ‍ॅडॅप्टर लावल्यावर अर्ध्या तासाने त्याला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर लगेच बटण बंद करून काढा.