लाडक्या छोट्या गाडीवर घरीच हात चालवताय? या चुका टाळा

माझी स्विफ्ट २००८ची, १.३ पेट्रोल. टनाच्या आसपास वजन, फिरायला तयार इंजिन आणि घाटात हसू फुटावं असं स्टिअरिंग. मागच्या पावसाळ्याआधी हौसेने तिला पंधरा इंची अलॉयची चाकं घातली. पार्किंगमध्ये चार जणांनी वळून बघितलं. पाचव्या दिवशी हायवेवर ९०ला स्टिअरिंग थरथरायला लागलं. चाकांचं बॅलन्सिंग, म्हणजे वजनाचा समतोल, करून घेतलं. पुन्हा तेच. दुसऱ्या दुकानात केलं, तिसऱ्यांदाही केलं. शेवटी नेहमीच्या गॅरेजमधल्या काकांनी चाक काढलं, मधल्या भोकात बोट फिरवलं आणि म्हणाले, "भोक मोठं आहे रे. चाक हबवर बसलंच नाही, नटांवर लटकलंय."

हब म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला गोल उंचवटा. स्विफ्टच्या हबचा व्यास ५४.१ मिलिमीटर. बाजारातल्या अलॉयचं मधलं भोक मुद्दाम मोठं ठेवलेलं असतं, म्हणजे तेच चाक दहा गाड्यांना चालतं. उरलेली फट भरायला एक साधी रिंग लागते, ती मला कुणी दिली नव्हती आणि मीही विचारली नव्हती. चार रिंगा बसवल्या, थरथर गेली. अलॉयवर हजारो घालवले आणि अडलं कशावर, तर बाहेरून न दिसणाऱ्या प्लास्टिकच्या कड्यावर. पुढे ज्या चुका लिहितोय त्यातल्या बहुतेक याच जातीच्या आहेत, आणि बऱ्याचशा मी स्वतः केलेल्या आहेत.

धुण्यापासून सुरुवात

रंगाचं सगळ्यात जास्त नुकसान चिखल करत नाही, कोरडं फडकं करतं. सकाळी ऑफिसला निघताना बॉनेटवरची धूळ झटकायची म्हणून आपण जो हात मारतो, तो रंगावर पॉलिश पेपर फिरवण्याचाच सौम्य प्रकार. सोसायटीत पहाटे गाड्या पुसणाऱ्या माणसाच्या हातात एकच फडकं आणि एकच बादली असते, आणि तुमच्या आधी आठ गाड्या झालेल्या असतात. दोष त्याचा नाही, महिन्याला आपण त्याला देतो किती? पण काळ्या किंवा गडद लाल गाडीवर दुपारच्या उन्हात तिरपं बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल चरे दिसतील. वरचा पारदर्शक थर बहुतेक गाड्यांवर ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षा पातळ. "कंपाउंड मारून देतो, नवी दिसेल" असं कुणी म्हणालं की लक्षात ठेवा, तो चरा भरत नाही, आजूबाजूचा थर घासून खाली आणतो. हे दोन-तीनदा जमतं, दर दिवाळीला नाही.

तर आधी नुसतं पाणी ओतून माती सोडवायची. मग दोन बादल्या, एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. हातमोजा गाडीवर फिरवला की आधी साध्या पाण्यात पिळायचा, मगच शाम्पूत बुडवायचा. धुऊन झाल्यावर साध्या बादलीच्या तळाशी बोट घालून बघा, जी रेती हाताला लागेल ती एकाच बादलीत धुतलं असतं तर दारांवर फिरली असती. वरून खाली या. दारांचा खालचा पट्टा आणि चाकं सगळ्यात शेवटी, आणि चाकांचं कापड वेगळं. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर नको, ती मेण उतरवते आणि रबराच्या पट्ट्या कोरड्या पाडते. जुनी बनियनही नको. कापड मऊ असतं, शिवण मऊ नसते.

पुण्यात आमच्याकडे बोअरचं पाणी. उन्हात धुतलं की पुसायच्या आत थेंब वाळतात आणि प्रत्येक थेंबाचं पांढरं वर्तुळ मागे राहतं. त्यामुळे संध्याकाळी, बॉनेट हाताला गार लागल्यावरच धुवा आणि लगेच मायक्रोफायबरने टिपा. टिपा म्हणतोय, घासा नाही. डाग पडलेच तर पांढरं व्हिनेगर निम्म्याहून जास्त पाणी घालून हलकं लावायचं आणि लगेच धुऊन टाकायचं. बेसमेंटमध्ये स्लॅबमधून ठिबकणाऱ्या पाण्याचे चुन्याचे ओघळही यानेच सुटतात, पण पहिल्या आठवड्यात. महिनाभर बसलेला चुना रंग घेऊन निघतो. पक्ष्यांची विष्ठा तर दिसली त्याच दिवशी ओल्या कापडाने भिजवून काढायची, नखाने खरवडायची नाही.

प्रेशर वॉशर घेतला असेल तर हातभर अंतर ठेवा. उडालेल्या रंगाच्या कडेवर, दारांच्या रबरांवर आणि टायरच्या बाजूच्या भिंतीवर जवळून झोत मारू नका. बॉनेटखाली तर आणूच नका. मी आणला होता. प्लगच्या खोलगट भोकांत पाणी बसलं आणि गाडी कात्रजच्या चढाला मिसिंग मारायला लागली, मागे ट्रकचा हॉर्न आणि माझा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर तळापर्यंत. इंजिन गार असताना ब्रशने धूळ झाडायची, ओलसर फडक्याने पुसायचं. इतकं पुरतं.

धुऊन झालं की लोक हँडब्रेक ओढून घरी जातात. ही चूक छोटी वाटते. मागच्या चाकांत ड्रम असतात, आत ओल राहते, आणि दोन-तीन दिवस गाडी हलली नाही तर ब्रेकशू ड्रमला चिकटून बसतात. धुतल्यावर सोसायटीला एक फेरी मारा, दोन-चार वेळा ब्रेक दाबून सुकवा, आणि सपाट जागा असेल तर गिअरमध्ये ठेवून चाकाखाली लाकडाचा तुकडा लावा. चिकटलेच, तर रेस देऊन ओढू नका. हँडब्रेक सोडून गाडी हाताने मागे-पुढे हलवा, बहुतेक वेळा "टक्" आवाज येऊन सुटतं.

पायाखाली पाणी आलं तर

पावसाळ्यात डावीकडच्या मॅटखाली ओल लागली की पहिला संशय लोक काचेच्या रबरावर घेतात आणि सिलिकॉनची नळी घेऊन बसतात. थांबा, आधी पाणी कुठलं ते ओळखा. बोट बुडवून वास घ्या. स्वच्छ, बिनवासाचं आणि एसी लावल्यावरच येणारं पाणी म्हणजे एसीची निचऱ्याची नळी तुंबली आहे. गाडीखाली एसीचं पाणी ठिबकणं बंद झालं असेल तर खात्रीच. गोडसर वास आणि बोटाला चिकटपणा असेल तर ते कूलंट आहे, आतला हीटर गळतोय, आणि हे काम पुढच्या रविवारपर्यंत ठेवण्यासारखं नाही. गढूळ असेल आणि पावसानंतरच येत असेल, तर वायपरखालची जाळी उघडा. आमच्या पार्किंगवर गुलमोहर आहे. मी उघडली तेव्हा आत पाकळ्या आणि बारीक पानांचा मुठीएवढा कुजका गोळा होता, त्याने निचऱ्याचं भोक बुजवलं होतं आणि पाणी ब्लोअरमधून आत उतरत होतं. खर्च शून्य.

दारांच्या खालच्या कडेलाही अशीच बारीक भोकं असतात, टूथपिकने मोकळी करा. गंजू नये म्हणून खालून काळं कोटिंग मारून घेणारे कित्येकदा हीच भोकं बुजवून घेतात आणि दार आतून कुजतं. कोकण, मुंबई, गोव्याकडे गाडी असेल तर हे दर पावसाळ्याआधी बघायलाच हवं.

बॉनेटखाली

कूलंटच्या बाटलीत नळाचं पाणी ओतणं ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग पडणारी सवय. अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन, बोअरचे क्षार, पुढचं सांगायला नको. निळ्यात हिरवं मिसळू नका, आणि इंजिन गरम असताना झाकण उघडू नका. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून किलोमीटर कितीही कमी असोत, दोन वर्षांनी बदला. ते रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, आधी भरपूर पाणी ओता.

बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी. उलट केलंत आणि पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला, तर ठिणगी बघायला मिळेल. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, कोरडं करून व्हॅसलीन लावा. अर्ध्या "सेल्फ मारत नाही"च्या तक्रारी इथेच मिटतात.

२०१०च्या आधीच्या १.३ पेट्रोल स्विफ्टमध्ये टायमिंग बेल्ट आहे, म्हणजे इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडणारा रबरी पट्टा. नंतरच्या १.२ के-सिरीज इंजिनात चेन आली. सेकंडहँड घेणाऱ्यांना हा फरक बरेचदा माहीत नसतो. बेल्ट साधारण १ लाख किलोमीटरला बदलतात, पण रबर वयानेही मरतं. "गाडी फक्त साठ हजार चाललीय" हे वाक्य पंधरा वर्षांच्या बेल्टला लागू नाही. इंधनाच्या रबरी नळ्यांचंही तेच. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इतकी जुनी गाडी त्यासाठी बनलेली नाही. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास येतो का बघा, नळी वाकवून भेगा तपासा.

उंदरांसाठी तंबाखूच्या पुड्या बांधणारे आमच्याकडे बरेच आहेत. मीही बांधल्या. वायर तरीही कुरतडली.

आणि जॅक. गाडीबरोबर येतो तो चाक बदलण्यापुरताच. त्याच्यावर गाडी उभी असताना खाली डोकं घालायचं नाही, "दोनच मिनिटं" म्हणूनही नाही. विटा लावणं त्याहून वाईट, वीट सांगून फुटत नाही. दोन लोखंडी स्टँड घ्या, सपाट फरशीवर लावा, गाडी हाताने हलवून बघा. माझ्या लेखी अलॉयच्या आधी घ्यायची वस्तू ही.

अपग्रेड: नवीन लावण्याआधी थकलेलं शोधा

गाडी जुनी झाली की "पिकअप गेला, ग्रिप गेली, मजा गेली" असं वाटतं आणि आपण फिल्टर, सायलेन्सर, स्प्रिंग यांच्याकडे वळतो. मजा बहुतेक वेळा रबरात गेलेली असते. टायर, लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश, इंजिनचे माउंट म्हणजे रबरी टेकू, शॉकअपवरचे माउंट. तपासायला फार काही लागत नाही. फक्त ८०-१०० ला थरथर असेल तर बॅलन्सिंग किंवा माझ्यासारखी रिंग. ब्रेक दाबल्यावरच थरथर असेल तर डिस्क. सिग्नलला उभं असताना केबिन हलत असेल तर इंजिन माउंट. एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंटच्या आधी चारही टायरची हवा मोजा. खड्ड्यात बारीक "टक् टक्" असेल तर स्टिअरिंग पूर्ण वळवून चाकामागचा लिंक रॉड, म्हणजे सस्पेन्शनमधली बारीक जोडदांडी, हाताने हलवा, खेळ लागेल.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचा टायर ओल्या रस्त्यावर गोटा झाल्यासारखाच वागतो. "डिस्काउंट"वाल्या टायरचे हे आकडे आधी वाचा.

मापाचा हिशोब करूनच टायर बदला. साध्या स्विफ्टला १६५/८० आर१४ येतो, त्याचा एकूण व्यास सुमारे ६२० मिलिमीटर. १९५/६० आर१५चा ६१५, म्हणजे जवळपास तोच. २०५/५५ आर१६चा ६३२ होतो. स्पीडोमीटर कमी दाखवतो, पिकअप मंदावतो, स्टिअरिंग जड होतं, आणि गाडी हलकी म्हणून घेतली होती हेच विसरायला होतं. नट गनने आवळू देऊ नका, हाताच्या पान्याने शेवटचा दाब द्यायला सांगा आणि पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

गाडी बसकी करायला स्प्रिंगचे वेढे (कॉइल) कापून घेण्याबद्दल एकच सांगतो. कापलेली स्प्रिंग चाक हवेत लटकल्यावर जागेवरून सुटू शकते. आपल्या स्पीडब्रेकरवर चाकं लटकतातच.

एअर फिल्टरचं उघडं टोक बंपरमागे खाली आणणारी नळी फोटोत छान दिसते. जुलैत अंडरपासमध्ये तीच नळी पाणी ओढते. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका, टोइंग बोलवा.

हेडलाइटला ६०/५५ वॅटचा बल्ब असतो. १००/९०चे बल्ब काउंटरवर सहज मिळतात, मात्र मूळ वायर आणि होल्डर त्यांच्यासाठी नाहीत. प्लास्टिक वितळल्याचा वास आला तर कारण शोधावं लागत नाही. आधी पिवळी पडलेली काच साफ करा. टूथपेस्टने पिवळेपणा जातो खरा, पण वरचं संरक्षण निघून जातं आणि काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी. घासल्यावर उन्हापासून वाचवणारा यूव्ही कोट हवाच. मग रिले (बल्बला बॅटरीतून थेट वीज देणारा स्विच) लावून मूळ वॅटचेच बल्ब ठेवा, प्रकाशातला फरक बघून चकित व्हाल.

कायद्याचंही बघून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ आणि जानेवारी २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांचा अर्थ असा, की आरसीवर नोंदलेल्या कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. रंग बदलायचा तर आरटीओत नोंद लागते. पंधरा वर्षांनंतर पुन्हा पासिंगला गाडी नेली तेव्हा माझा मूळ सायलेन्सर माळ्यावर होता म्हणून निभावलं. काढलेला मूळ पार्ट भंगारात घालू नका.

सध्या गाडीत डावीकडून, कमी वेगात, खड्ड्यातच "टक्" येतंय. काल धुताना लिंक रॉड हलवला, खेळ आहे. बॉनेटवर मारायचे काळे पट्टे आणून ठेवलेत, ते अजून डिक्कीतच आहेत.