युनिट टेस्ट लिहिताना या चुका टाळा

युनिट टेस्ट म्हणजे कोडचा एक छोटा तुकडा नीट चालतो का, हे तपासणारा कोड. कधीच फेल न झालेल्या टेस्टवर माझा विश्वास नाही. नवीन मुलं टेस्ट लिहितात, हिरवी दिसली (म्हणजे पास झाली) की लगेच कमिट करतात (कोड जतन करतात). मी आधी मूळ कोड मुद्दाम बिघडवतो, बेरजेच्या जागी वजाबाकी करतो. टेस्ट लाल झाली तरच ती ठेवतो. दोन मिनिटं लागतात, तेवढाही धीर नसेल तर टेस्ट लिहूच नका. पायथनच्या मॉकवर (टेस्टपुरत्या नकली ऑब्जेक्टवर) ‘ठरलेल्या इनपुटने एकदाच बोलावलं का’ हे तपासणाऱ्या ‘असर्ट_कॉल्ड_वन्स_विथ’मधलं ‘असर्ट_’ राहून गेलं, तर ३.१२ च्या आधीच्या आवृत्त्यांत ती ओळ काहीही तपासत नाही आणि टेस्ट बिनबोभाट पास होते.

दुसरी चूक ‘फ्लेकी आहे’ (कधी पास, कधी फेल होते) म्हणून स्किप लावायची, म्हणजे ती टेस्ट चालवायचीच नाही. एका बिलिंगच्या कामात रिलीजच्या रात्री सव्वा वाजता माझ्या लॅपटॉपवर एक टेस्ट लाल झाली. दुपारी हिरवी होती, सीआय सर्व्हरवर (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या मशीनवर) तेव्हाही हिरवीच होती. आम्ही स्किप लावलं आणि झोपायला गेलो. पुढच्या १ तारखेला पहाटेपर्यंत निघालेल्या सगळ्या पावत्यांवर आदल्या महिन्याची तारीख! कोड यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळेची) तारीख घेत होता, टेस्ट लॅपटॉपची. आपली वेळ साडेपाच तास पुढे, त्यामुळे रात्री बारा ते पहाटे साडेपाच या दोन तारखा जुळतच नाहीत. सर्व्हरचं घड्याळच यूटीसीवर, म्हणून तिथे कधी काही दिसलं नाही. टेस्ट खरं बोलत होती, आम्ही तिचं तोंड दाबलं. याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून फंक्शनच्या आत ‘आत्ता किती वाजले’ विचारत नाही. वेळ टाइमझोनसकट बाहेरून देतो, आणि १ एप्रिल, रात्री १:१५ ही केस हटकून घालतो. यूटीसीत तेव्हा ३१ मार्चचे १९:४५ असतात.

कोडने दिलेलं उत्तरच ‘अपेक्षित’ म्हणून चिकटवू नका, आधी कागदावर हिशोब करा.

०.१ आणि ०.२ ची बेरीज फ्लोटमध्ये (दशांश संख्यांच्या प्रकारात) बरोब्बर ०.३ येत नाही. रक्कम रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात ठेवा.

एका टेस्टचा डेटा दुसरीने वापरू नये.

पायटेस्टमध्ये (पायथनच्या टेस्ट चालवणाऱ्या टूलमध्ये) फंक्शनचं नाव ‘टेस्ट’ने सुरू झालं नाही तर ते चालतच नाही, तक्रारही येत नाही. म्हणून किती टेस्ट चालल्या तो आकडा मी रोज वाचतो. काल ४८ होत्या आणि तीन नव्या लिहूनही आज ४८च असतील, तर आधी नावं बघतो.