सब-ट्रिमला हात लावायच्या आधी

रिमोटवर उडणारं शिकाऊ मॉडेल विमान, म्हणजे ट्रेनर, सुखरूप उतरवता येत असेल तरच पुढचं वाचा. पहिलं एरोबॅटिक (कसरतीचं) विमान मीटरभर पंखाचं, फोमचं घ्या. बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) विमानाची घाई नको.

नव्यांची चूक बहुतेक एकाच जागी होते. सर्व्होचा (एलेव्हेटर हलवणाऱ्या छोट्या मोटारीचा) आर्म जरा तिरका बसतो आणि तो सब-ट्रिमने (ट्रान्समीटरमधल्या, सर्व्होचा मध्य सरकवणाऱ्या सेटिंगने) सरळ केला जातो. एलेव्हेटर (शेपटीवरची, नाक वर-खाली करणारी पट्टी) मधोमध दिसतो, पण सर्व्होला एका बाजूला फिरायला जागा कमी उरलेली असते. साधा लूप छान येतो. विमान उलटं केलं की ढकलायला एलेव्हेटर पुरत नाही, आणि तेव्हा खाली जमीन असते.

म्हणून आधी सब-ट्रिम आणि ट्रिम शून्यावर आणा. ट्रान्समीटर चालू, स्टिक मधे. आता आर्म काढून पुशरॉडशी (आर्म आणि एलेव्हेटर जोडणाऱ्या काडीशी) ९० अंशांच्या सगळ्यात जवळ येईल त्या दात्यावर बसवा. जमत नसेल तर आर्मचं दुसरं टोक लावून पाहा, कोन थोडा बदलतो. मग क्लेव्हिस (पुशरॉडच्या टोकाचा आट्यांचा चिमटा) फिरवून एलेव्हेटर मधे आणा. एवढं करूनही उरलं तरच दोन-चार पॉइंट सब-ट्रिम.

हालचाल जास्त वाटली तर ट्रॅव्हल (सर्व्हो किती फिरावा याची सेटिंग) ५० टक्क्यांवर आणू नका. पुशरॉड आर्मच्या आतल्या भोकात आणि हॉर्नच्या (एलेव्हेटरवरच्या भोकांच्या तुकड्याच्या) बाहेरच्या भोकात घाला, ट्रॅव्हल १०० च्या आसपास राहू द्या. सर्व्होचा जोर आणि बारकावा दोन्ही टिकतात, सैलपणाही कमी जाणवतो. हे किचकट वाटेल, पण एका संध्याकाळचं काम आहे, आणि हाताला नक्की बसतं.

सीजी (विमानाचा तोलबिंदू) मॅन्युअलमधल्या आकड्यांपैकी पुढच्यावर ठेवा. उंचावर ट्रिम झालं की ४५ अंशांत चढवा, अर्धा रोल करून उलटं करा, एलेव्हेटर सोडा. रेषा धरून नाक हळूच झुकलं तर उत्तम. लगेच जमिनीकडे वळलं तर नाक जड, बॅटरी पाच मिलिमीटर मागे. आकाशाकडे गेलं तर शेपूट जड, लगेच उतरवा आणि बॅटरी पुढे घ्या. सरळ उभं चढताना डावीकडे ओढत असेल तर मोटार किंचित उजवीकडे वळवा: मागून पाहताना डाव्या बाजूच्या स्क्रूवर, मोटारीच्या माउंटमागे एक वॉशर.

हे होईपर्यंत जायरो (विमान आपोआप स्थिर ठेवणारा सेन्सर) बंदच ठेवा. तो चुका झाकतो, दुरुस्त करत नाही. आणि शिकवणारा असा शोधा, जो मागे उभा राहून बोलतो. दर वेळी हातातून ट्रान्समीटर काढून घेणाऱ्याकडून काही शिकायला मिळत नाही.

सोयाबीन निघालं की वावर मोकळं होतं, पण शेजारची तूर उभी असते आणि धुऱ्यावरून कृषिपंपाची लाइन जाते. वारा आणि तारा पाहूनच दिशा ठरवा. मे महिन्यात सकाळी आठच्या आत उडवा. लायपो बॅटरी गाडीच्या डिक्कीत ठेवू नका. ग्लूगनने चिकटवलेले हॉर्न उन्हात सुटतात, तिथे इपॉक्सीच हवा.

निघण्याआधी घरीच प्रोपेलर काढून फेलसेफ (सिग्नल तुटला की मोटार आपोआप थांबणं) तपासा: मोटार हळू चालवा, ट्रान्समीटर बंद करा. मोटार थांबली नाही तर त्या दिवशी उडवू नका.