जुनी सायकल रोजच्या वापरात ठेवताना
सोलापुरात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि उडणारी बारीक धूळ तेलकट चेनवर बसून तिचा पॉलिश पेपर करून टाकते. म्हणून वीस-पंचवीस वर्षांची सायकल रोज चालवायची असेल, तर पहिले लक्ष चेनकडे द्यावे. चेन रॉकेलच्या फडक्याने पुसावी, प्रत्येक सांध्यावर एकच थेंब तेल सोडावे आणि वर राहिलेले तेल पुसून टाकावे. नव्या चेनच्या चोवीस कड्या बरोबर १२ इंच भरतात. त्याच कड्या एक सूत (इंचाचा आठवा भाग) जास्त भरू लागल्या, तर चेन बदलावी. फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरील दातेरी चक्राचे, दातेही पाहावेत, कारण झिजलेल्या दात्यांवर नवी चेन घसरते.

क्रँक (पायडल ज्याला लागते तो दांडा) हलू लागल्यास त्याला आसाशी पक्की धरणारी खीळ, म्हणजे कॉटर पिन, ठोकून घट्ट करावी, मात्र क्रँकला खालून भक्कम आधार द्यावा, अन्यथा घाव थेट बेअरिंगच्या छर्‍यांवर बसतो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, त्यामुळे ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यास सुटते. घाईत हे विसरणारे बरेच असतात. ब्रेकचे रबर कडक झाले असल्यास बदलावे. सायकल मात्र सावलीतच लावावी, कारण उन्हाने टायरच्या बाजूंना भेगा पडतात.